कार्टूनमधली मारामारी पोराला नक्की कशी दिसतेय, ते ओळखायचं कसं

पोकेमॉन, डिजिमॉन, बेब्लेड, यु-गी-ओ, यातलं काही ना काही घरात सुरू असतंच, आणि मग कधीतरी हातातलं काम सोडून आपण स्क्रीनकडे बघतो तर एक गोंडस पिवळा प्राणी दुसऱ्या तितक्याच गोंडस प्राण्याला विजेचा झटका देतोय, तो कळवळून आडवा पडतोय आणि आपलं पोरगं उड्या मारत ओरडतंय, "अजून एक मार!" पोटात गोळा येणार नाही तर काय. मग आपण एकतर ते बंद करून टाकतो, नाहीतर "जाऊ दे, कार्टूनच आहे" म्हणून परत कामाला लागतो. दोन्हीत एक गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे त्याला विचारणं, की बाबा रे तुला यात काय दिसतंय. आपल्याला जी हाणामारी दिसते तीच मुलाला दिसत असेल असं नाही, आणि मुलाला जे खरंच लागतं ते आपल्या नजरेतून सुटतं कारण बहुतेक वेळा त्या सीनमध्ये कुणी कुणाला मारत नसतं. हे ओळखायचं कसं, विचारायचं काय आणि नंतर करायचं काय, त्याबद्दल लिहितेय. साधारण तीन-चार ते बारा वयाची पोरं डोळ्यासमोर आहेत, त्याहून मोठी आपल्याला उत्तरं देत नाहीत.

आधी नियम समजून घ्या

पोराशी बोलायच्या आधी एखादी बॅटल पूर्ण बघा, मोबाईल बाजूला ठेवून. पोकेमॉनमध्ये ट्रेनर, म्हणजे खेळणारी माणसं, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून बॉलमध्ये ठेवतात आणि बॅटलमध्ये लढवतात. मुख्य गेममध्ये बॅटल आळीपाळीने चालते, एकाची टर्न मग दुसऱ्याची. प्रत्येक प्राण्याला जास्तीत जास्त चार मूव्ह, आणि डोक्यावर एचपीची, म्हणजे किती ताकद उरलीय त्याची पट्टी, जी हिरवी असते, मग पिवळी होते, मग लाल. पट्टी संपली की प्राणी फेन्ट होतो, म्हणजे बेशुद्ध. मग त्याला पोकेमॉन सेंटरला न्यायचं, तिथे फुकटात बरं करून देतात, परत चालू. रक्त नाही, जखम नाही. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर, असे पहिल्या गेममध्ये १५ टाइप होते आणि आता १८ आहेत, आणि हा सगळा तक्ता आठ-नऊ वर्षांच्या पोराला तोंडपाठ असतो. (पाढे मात्र नाही, तो वेगळा विषय.) म्हणजे आपल्याला जिथे धुमश्चक्री दिसते तिथे त्याच्या डोक्यात हिशोब चाललेला असतो, की समोरचा दगडाचा आहे, माझा आगीचा आहे, बदलू का?

हा गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आला. तो बनवणारा सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचा, त्याच वेडातून प्राणी पकडायची आणि मित्राबरोबर अदलाबदल करायची कल्पना आली. आणि हरलेला प्राणी मरत नाही, फेन्ट होतो, हे त्याने ठरवून ठेवलेलं आहे, मुलांच्या डोक्यात मरणाबद्दल भलत्या कल्पना बसू नयेत म्हणून. हे माहीत असलेलं बरं, कारण पोरगं जेव्हा "तो मेला नाहीये!" असं चिडून सांगतं तेव्हा ते सारवासारव करत नसतं, नियम सांगत असतं.

पण त्या जगात मरण अजिबात नाही असंही समजू नका. त्याच पहिल्या गेममध्ये लॅव्हेंडर टाउन नावाचं गाव आहे, तिथे मेलेल्या पोकेमॉनच्या थडग्यांचा अख्खा टॉवर आहे, आणि क्यूबोन नावाचा एक छोटा प्राणी आपल्या मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून फिरतो. लक्ष देऊन खेळणारं पोर हे पकडतंच, आणि मग प्रश्न येतो की फेन्ट झाल्यावर मरत नाहीत तर मग हे कसे मेले. याचं उत्तर तयार ठेवा. मी तरी साधं सांगते, की बॅटलमध्ये मरत नाहीत, पण म्हातारे होऊन किंवा वाईट माणसांच्या तावडीत सापडून मरू शकतात.

आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. डिजिमॉनच्या १९९९ च्या पहिल्या सिरीजमध्ये काही डिजिमॉन खरोखर संपतात, त्यांचा डेटा होऊन विरून जातो आणि नंतर अंड्यातून परत जन्म होऊ शकतो, ते बघून लहान मुलं हमसून रडतात. बेब्लेडमध्ये मुळात भोवरे आपटत असतात. आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या पॅलवर्ल्डमध्ये प्राणी तितकेच गोड आहेत पण बंदुका आहेत, प्राण्यांना कामाला जुंपता येतं, कापून मांसही काढता येतं. लांबून बघितलं तर हा आणि पोकेमॉन सारखेच वाटतात. पोरगं म्हणालं "हे पण पोकेमॉनसारखंच आहे" तर स्वतः बघितल्याशिवाय हो म्हणू नका. डब्यावरचं रेटिंग बघा, पोकेमॉनच्या अलीकडच्या मुख्य गेमना युरोपात पेगी ७ मिळतं आणि अमेरिकेत ईएसआरबीचं सगळ्यांसाठीचं ई, पण रेटिंग फक्त काय दाखवलंय ते सांगतं, तुमच्या पोराला काय दिसेल ते नाही.

वयाप्रमाणे एकच बॅटल वेगळी दिसते

तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्ट कळत नाही, चेहरे कळतात. १९९० साली अमेरिकेत जॉन फ्लॅव्हेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना टीव्हीवर पॉपकॉर्नने भरलेला वाडगा दाखवून विचारलं की टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील का, तर तीन वर्षांची मुलं बिनधास्त हो म्हणत होती. चार वर्षांच्यांना बऱ्यापैकी कळायला लागलं होतं. आता या वयाच्या पोराला "ते खरं नसतं रे" सांगून काय उपयोग होणार, तुम्हीच सांगा. त्याला मोठे दात, लाल डोळे, अचानक मोठा आवाज आणि एखादा प्राणी क्षणात दुसराच होणं, हे सगळं थेट लागतं. जोअ‍ॅन कँटर या संशोधकबाईंनी हल्क या हिरव्या हिरोच्या मालिकेवरून हे दाखवलं होतं, शांत माणूस राक्षसासारखा फुगतो तेव्हा लहान मुलं घाबरतात, तो चांगल्याच बाजूचा आहे हे मोठ्या मुलांना कळतं म्हणून ती घाबरत नाहीत. म्हणून पोकेमॉन इव्हॉल्व्ह होताना, म्हणजे रूप बदलून मोठा होताना, आपलं आनंदाचं म्युझिक वाजत असताना, एखादं तीन वर्षांचं पिल्लू रडायला लागलं तर ते वेडं नाहीये. त्याचा ओळखीचा मित्र गायब होऊन तिथे कुणीतरी भलताच आलाय.

पाच-सहा वर्षांचं पोर बाजू घेतं. माझा आणि तुझा, एवढंच. माझ्याने मारलं तर छान, माझ्याला मारलं तर तो वाईट, बस. यात क्रूरपणा शोधायला जाऊ नका. याच वयात मरण कायमचं असतं, मेलेला परत येत नाही, हे मुलांना हळूहळू उमगायला लागतं, साधारण पाच ते सातच्या दरम्यान, कुणाला आधी कुणाला नंतर. घरात किंवा ओळखीत कुणी गेलं असेल तर फेन्ट या गोष्टीबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात, आणि ते प्रश्न पोकेमॉनबद्दल नसतात. तिथे घाई करू नका.

सात ते नऊ म्हणजे नियमांचं वय. कोण जिंकलं यापेक्षा चीटिंग झालं का, हे महत्त्वाचं. दोघांनी मिळून एकाला मारलं तर ते अनफेअर, लेव्हल ५० च्या प्राण्याने लेव्हल ५ च्या प्राण्याला मारलं तर अनफेअर, रॉकेट गँगवाल्यांनी, म्हणजे त्यातल्या चोरांनी, जाळं टाकून पळवलं तर महाअनफेअर. फेअर असेल तर कितीही विजा पडोत, त्यांना ती स्पर्धा वाटते.

दहाच्या पुढे मग खरा प्रश्न येतो, की यांना लढायला लावणं बरोबर आहे का. त्यावर खाली लिहिलंय. आणि वयं काटेकोर धरू नका, एकाच घरातल्या दोन भावंडांत सुद्धा दोन-तीन वर्षांचा फरक पडतो, धाकटं आधी शहाणं होतं असंही बघितलंय.

बसायचं कसं, विचारायचं काय

सगळ्यात आधी, तोंड बंद ठेवून एक पूर्ण एपिसोड किंवा दोन-तीन बॅटल शेजारी बसून बघा. "अरे बापरे", "किती मारतात हे", "शी" असं काही नको. आपण एकदा नाक मुरडलं की पोरगं आपल्याला आवडेल तेच उत्तर देतं, मुलं यात फार हुशार असतात. स्क्रीनकडे कमी आणि पोराकडे जास्त बघा. श्वास कुठे रोखतं, उशी कुठे घट्ट धरतं, कुठे उठून पाणी प्यायला जातं (हे पाणी प्यायला जाणं म्हणजे बहुतेक वेळा घाबरणं असतं, तहान नव्हे), कुठे बोअर होतं. बहुतेक मुलं मोठ्या स्फोटाला बोअर होतात हे बघून तुम्हाला गंमत वाटेल.

मग प्रश्न. "तुला भीती वाटली का?" हा प्रश्न नको, त्याला उत्तर नाहीच येतं. "मारामारी वाईट असते ना?" हा तर अजिबात नको, तो प्रश्नच नाहीये. त्याऐवजी असं काहीतरी विचारा: आता काय झालं ते मला सांग, मला कळलं नाही. तो पडला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? जिंकला त्याला काय वाटलं? आता हे दोघं परत भेटले तर बोलतील का? तू ट्रेनर असतास तर काय केलं असतंस? यातला "परत भेटले तर बोलतील का" हा माझा आवडता, कारण त्यातून लगेच कळतं की पोराला ती मॅच दिसतेय की भांडण. मॅच दिसत असेल तर "हो, का नाही बोलणार" असं येतं. भांडण दिसत असेल तर थोडा वेळ शांतता.

सात वर्षांच्या भाच्याबरोबर झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

"मेला का रे तो?"

"अगं मावशी, मेला नाही, फेन्ट झालाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्याची टर्न संपली. आता झोपणार तो बॉलमध्ये."

"दुखलं असेल ना पण त्याला?"

"हो. पण सेंटरला नेलं की बरं वाटतं." मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम, "पण त्याच्या ट्रेनरने ना त्याला थँक्यू नाही म्हटलं. नुसतं आत टाकलं. हा ट्रेनर मला नाही आवडत."

मी इकडे त्या आगीच्या लोळाबद्दल काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते आणि त्याला खटकला होता तो ट्रेनरचा तुसडेपणा. त्या कार्टूनमध्ये चांगले ट्रेनर हरलेल्या प्राण्याला परत बोलावताना "छान लढलास, आता आराम कर" अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात, मुलं ते ऐकत असतात, आणि कुणी नाही म्हटलं की त्यांना चटकन जाणवतं. पहिल्याच सीझनमध्ये चारमँडरचा एपिसोड आहे, ट्रेनर त्याला कमजोर म्हणून एका दगडावर बसवून निघून जातो, पाऊस येतो, त्याच्या शेपटीची ज्योत विझायला येते आणि तरी तो तिथेच वाट बघत बसतो कारण ट्रेनर येतो म्हणाला होता. त्या वाट बघत बसण्यात मार नाही की ठोसा नाही, पण ज्या मुलांना मी हा एपिसोड बघताना बघितलंय त्यांच्यातल्या एकालाही बॅटलने एवढं रडवलं नव्हतं. तेव्हा काय जपून दाखवायचं याची यादी करायची असेल तर सोडून जाणं, हसं होणं, मित्राने पाठ फिरवणं हे वर लिहा, विजेचे झटके खाली.

बोलून सांगता न येणाऱ्या मुलांकडे कागद आणि रंग द्या, बॅटलचं चित्र काढायला सांगा. प्राणी किती मोठा काढला, चेहऱ्यावर हसू आहे का, ट्रेनर चित्रात आहे का, स्वतःला कुठे काढलंय, हे नुसतं बघा आणि "हा कोण?" एवढंच विचारा. चित्राचे मानसशास्त्रीय अर्थ लावत बसू नका, लाल रंग जास्त वापरला म्हणजे राग असं काही नसतं, कदाचित बाकीचे खडू तुटले असतील.

बघून झाल्यावरचा धिंगाणा

आता ज्याची आपल्याला खरी काळजी असते ते, म्हणजे बघून झाल्यावर पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. नक्कल होते हे खरं आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्डमध्ये १९६१ ला बोबो नावाच्या फुगवलेल्या बाहुलीवर जो प्रयोग केला तो बऱ्याच जणांनी ऐकला असेल, मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना बघून मुलांनीही तसंच बडवलं, आणि १९६३ ला परत केला तेव्हा फिल्म बघून आणि मांजराचा वेश केलेल्या कार्टूनछाप माणसाला बघूनही तेच झालं. त्यावर लोकांनी तेव्हापासून एक आक्षेप घेतलाय तोही बरोबरच आहे, की ती बाहुली मुळात मारण्यासाठीच बनवलेली होती, ढकलली की परत उभी राहणारी, तिला मारणं आणि शेजारच्या मुलाला मारणं यात फरक आहे. १९९५ साली पॉवर रेंजर्स बघितलेल्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास आला, त्यात मात्र खऱ्या मुलांमधल्या हाणामारीच्या कृती न बघितलेल्यांच्या जवळपास सातपट दिसल्या, विशेषतः मुलग्यांमध्ये.

माझं मत विचाराल तर इथे शरीराचा आकार फार महत्त्वाचा. पॉवर रेंजर्समध्ये माणसं लाथा मारतात, आणि पोराकडे पाय असतात. त्या पिवळ्या पिकाचूसारखी गालातून वीज काढायची तर काय करणार, "पिका पिका" ओरडून हात पसरून उभं राहणार. म्हणून प्राण्यांच्या कार्टूनची नक्कल बरीचशी आवाज आणि पोजची असते, त्यातही ठोसे-लाथा मारणारे फायटिंग टाइपचे प्राणी आवडीचे असतील तर जरा लक्ष ठेवा.

खेळातली मारामारी आणि खरी मारामारी ओळखायच्या खुणा आहेत, आणि मुलांना त्या आपल्यापेक्षा चांगल्या कळतात. खेळात चेहरा हसरा असतो, तोंड उघडं, हात मोकळे, मूठ आवळलेली नसते. दांडगं पोर मुद्दाम जोर कमी लावतं, खाली पडून दाखवतं. पाळी बदलते, आता तू मला मार. आणि झालं की दोघंही तिथेच एकत्र असतात, पुढचं काहीतरी खेळतात. खऱ्या भांडणात चेहरा ताणलेला, एकच जण सतत वर, बाकीची पोरं गोळा होऊन बघत उभी, आणि संपलं की दोघं दोन दिशांना. खेळ चालू असेल तर मध्ये पडू नका. एकच गोष्ट आधी ठरवून द्या, थांबायचा शब्द, आणि तो शब्द त्यांच्याच जगातला घ्या. "फेन्ट!" म्हटलं की दोघांनी तिथल्या तिथे थांबायचं आणि पडलेल्याला दुसऱ्याने हात देऊन उठवायचं. "मारामारी करू नका" असं दिवसभर ओरडण्यापेक्षा हे दहापट चालतं कारण त्यांना तो नियम वाटतो, आपली कटकट वाटत नाही.

घाबरलं तर

लहानाला, म्हणजे साधारण सातच्या आतल्याला, समजावत बसू नका. जवळ घ्या, दिवा लावा, हातात त्याचं लाडकं काहीतरी द्या. आठ-नऊच्या पुढच्याला उलट मिठी नको असते, त्याला हे कसं बनवतात, आवाज कुणी काढतं, चित्रं कशी हलतात हे सांगितलं की बरं वाटतं. दिवसा, भरपूर उजेडात, आवाज म्यूट करून तोच सीन परत बघणं दोन्ही वयात चालतं, पण रिमोट पोराच्या हातात पाहिजे.

आणि एक भीती वेगळी, ती मनाची नव्हे डोळ्यांची. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका एपिसोडमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा चमकला आणि ६५० हून जास्त लोकांना, बहुतेक मुलंच, दवाखान्यात न्यावं लागलं, कुणाला फिट आली, कुणाला चक्कर, उलट्या. मालिका चार महिने बंद ठेवली होती. तो एपिसोड परत कधीच दाखवला नाही आणि तेव्हापासून चमकणाऱ्या प्रकाशाचे नियमही कडक झाले, पण खोलीत दिवा चालू ठेवून, स्क्रीनपासून लांब बसून बघायची सवय आजही लावाच, आणि घरात कुणाला फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

हरल्यावर

खेळताना स्वतःचा प्राणी हरला तर काही मुलं कन्ट्रोलर फेकतात, काही ढसाढसा रडतात. इथे "गेमच आहे ना" हे वाक्य बंद करून टाका. ज्या प्राण्याला त्याने स्वतः पकडलं, नाव दिलं, अंड्यापासून वाढवलं, त्याच्याबद्दल हे ऐकलं की ते अजून चिडतं. "त्याला बरं करायला नेऊया का?" म्हणा. सेंटरला जाऊन ते ट्यून वाजेपर्यंत पोरगं निम्मं शांत झालेलं असतं, गेम बनवणाऱ्यांनी ती सोय करूनच ठेवलीय.

मोठी पोरं नझलॉक नावाचा प्रकार खेळतात, तो गेममध्ये नाही, खेळणाऱ्यांनीच काढलेला नियम आहे, फेन्ट झाला तो मेला समजायचा आणि परत वापरायचा नाही, आणि प्रत्येकाला नाव द्यायचंच. ऐकायला भयंकर वाटतं. पण ते खेळणारी पोरं उलट फार जपून खेळतात, एकेका प्राण्यासाठी दहा मिनिटं विचार करतात, गमावला तर खरंच हळहळतात. दहा-अकरा वर्षांच्या पोराने हे सुरू केलं तर घाबरायचं कारण नाही, फक्त धाकट्या भावंडाच्या गेममध्ये त्याने हा नियम घुसवला नाही ना तेवढं बघा, त्यावरून महाभारत होतं.

"त्यांना लढायला आवडतं का?"

हा प्रश्न आला की समजा पोरगं मोठं झालं. उत्तर देऊन मोकळे होऊ नका, आधी "तुला काय वाटतं" विचारा आणि मग खरंच ऐका. गेमवाल्यांनीही हा प्रश्न टाळलेला नाही, २०१० मध्ये आलेल्या ब्लॅक आणि व्हाइट या गेममध्ये टीम प्लाझ्मा नावाची टोळी हेच म्हणते की माणसांनी पोकेमॉनला सोडून द्यावं, आणि एन नावाचा एक तरुण तर मनापासून ते मानतो. त्या टोळीचा म्होरक्या लबाड निघतो, मग प्रश्न अर्धवटच राहतो असं माझं मत, पण पोराशी वाद घालायला मसाला भरपूर आहे. त्या जगात प्राणी नाही म्हणू शकतात का? पिकाचू पहिल्याच एपिसोडमध्ये बॉलमध्ये जायला साफ नकार देतो आणि ट्रेनरला शॉक देतो, मग बाकीचे का नाही देत? असले प्रश्न दोघांनी मिळून चघळा.

एखादं मूल म्हणतं मला पकडायला आवडतं पण लढवायला नाही. अशी मुलं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. त्यांच्यासाठी पोकेमॉन स्नॅप आहे, पहिला १९९९ चा आणि नवा २०२१ चा, त्यात लढाई नाहीच, रानात फिरून प्राण्यांचे फोटो काढायचे. लढाई नको म्हणणाऱ्याला "घाबरट" म्हणू नका आणि भावंडांनाही म्हणू देऊ नका.

खऱ्या प्राण्याशी मात्र नाही

एवढ्या सगळ्यात मी कडक फक्त इथे आहे. डबीत दोन भुंगेरे घालून लढवणं, मांजराच्या अंगावर बॉल फेकून "पकडलं!" म्हणणं, कुत्र्याच्या पिल्लाला दुसऱ्यावर सोडणं, हे दिसलं की लगेच थांबवायचं आणि कारण सांगायचं. कारण सोपं आहे, यांच्या डोक्यावर पट्टी नाही. किती दुखलंय ते आकड्यात दिसत नाही, आणि सेंटरही नाही. मोठ्या झालेल्या भुंगेऱ्याचा पाय तुटला की तो परत येत नाही. मग पट्टी नसताना कसं ओळखायचं ते शिकवा, मांजराचे कान मागे चिकटले, शेपूट आपटायला लागली म्हणजे पुरे, कुत्र्याने शेपूट पायात घातली, तोंड फिरवलं, ओठ चाटायला लागलं म्हणजे नको म्हणतंय. मुलांना हे प्रचंड आवडतं कारण हाही एक तक्ताच आहे पाठ करायला. किडे बघायचेच असतील तर हवेशीर डबीत एक किडा, थोडा वेळ, चित्र काढायचं, नाव शोधायचं आणि जिथून आणला तिथेच सोडायचा.

डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे कधी जायचं, तर खेळ संपल्यावरही मारणं चालूच राहतंय, समोरचं रडतंय तरी थांबत नाही, प्राण्यांना मुद्दाम दुखावतंय, किंवा झोप कित्येक आठवडे बिघडलीय. यात कार्टून बंद करून भागत नाही, बहुतेक वेळा मूळ कुठेतरी दुसरीकडेच असतं.

आणि एवढं सगळं विचारून झाल्यावरही पोराच्या डोक्यात काय आहे ते कळत नसेल तर सरळ त्याला म्हणा मला खेळायला शिकव. पहिल्या गेमची एखादी आवृत्ती मिळाली तर सुरुवातीला तीन प्राण्यांतून एक निवडावा लागतो, आगीचा चारमँडर, पाण्याचा स्क्वर्टल, गवताचा बल्बासॉर. दिसायला चारमँडर भारी आहे, पण पहिलीच जिम, म्हणजे मोठ्या ट्रेनरशी लढायची जागा, ब्रॉक या दगडवाल्याची, तिथे आग मार खाते आणि गवत-पाणी सहज जिंकतात. पोरगं हे तुम्हाला आधीच सांगून बल्बासॉर घ्यायला लावतं का बघा. नाही सांगितलं तर त्याला तुम्हाला हरताना बघायचंय, चारमँडर घ्या आणि मार खा, फक्त हरल्यावर आपल्या प्राण्याला काहीतरी चांगलं बोला, कारण शेजारी बसून ते ऐकत असणार.